फाशांचा आवाज

तृतीय वर्षाच्या वर्गात रूपकाचे प्रकार शिकवताना 'नाटक' आणि 'प्रकरण' यांतला भेद सांगावा लागतो, आणि प्रकरणाचे उदाहरण म्हणून शूद्रकाचे 'मृच्छकटिक' ओघानेच येते. चारुदत्त आणि वसंतसेना यांची कथा मुलांना थोडीफार ऐकून माहीत असते. माहीत नसतो तो दुसऱ्या अंकातला संवाहक. हा अंग रगडणारा सेवक जुगारात दहा सुवर्णमुद्रा हरला आहे आणि द्यूतगृहाचा मालक माथुर त्याच्या मागावर आहे. संवाहक उलट्या पावलांनी चालत एका ओसाड देवळात शिरतो. देवळात मूर्ती नाही, म्हणून स्वतःच मूर्ती होऊन उभा राहतो. माथुर आणि दुसरा जुगारी तेथे येतात, त्याला ओळखतात, पण काही न बोलता तेथेच फासे टाकून खेळायला बसतात. फाशांचा आवाज ऐकून मूर्तीची चुळबूळ सुरू होते. अखेर 'हा डाव माझा' म्हणत ती मूर्ती खाली उतरते आणि पकडली जाते.

या ठिकाणी वर्ग हसतो. गेली पंधरा-सोळा वर्षे हसत आला आहे, आणि आमचा तास रंगला असे आम्हीही समजत आलो आहोत. २०२२ च्या डिसेंबरातही वर्ग हसला. तास संपल्यावर एक विद्यार्थी मागे थांबला आणि त्याने विचारले, "सर, आवाजच आला नसता, तर तो तसाच उभा राहिला असता का?" प्रश्न आम्हांला फार आवडला. नाट्यवस्तूत ध्वनीचे कार्य काय, यावर आम्ही त्याला दहा मिनिटे ऐकवली. तो मान डोलावत राहिला. त्याच्या खिशातला फोन मधून मधून वाजत होता, हे आता आठवते.

'आम्ही' म्हणजे दोघे. एकाच महाविद्यालयात, एकाच विभागात मराठी शिकवणारे दोन सहकारी. हा मजकूर दोघांनी मिळून लिहिला आहे. ज्याच्याविषयी लिहिला त्याने तो वाचला आहे. त्याची ओळख पटेल असे तपशील त्याने सांगितले तसे गाळले आहेत. जे ठेवले तेही त्याच्याच सांगण्यावरून.

पुढच्या तीन महिन्यांत त्या मुलाने आमच्याकडून पैसे नेले. वडिलांच्या डोळ्याचे ऑपरेशन, मग वसतिगृहाचा हप्ता, मग चोरीला गेलेला फोन. गंमत अशी (गंमत हा शब्द तरी कसा वापरावा!) की आमच्यापैकी प्रत्येकाने हे दुसऱ्यापासून लपवले होते. दान गुप्त असावे, मुलाची अब्रू झाकली जावी, असा आमचा उदात्त विचार. एप्रिलमध्ये स्टाफरूममध्ये चहा पिताना सहज विषय निघाला आणि बेरीज झाली: अठरा हजार. त्याच संध्याकाळी ग्रंथालयाच्या शिपायानेही तीन हजार दिल्याचे कळले. शिपायाचे तीन हजार आमच्या अठरा हजारांहून जड होते, हे सांगायला नको.

त्याला बोलावले. तो आधी रडला नाही, भांडला. दोन दिवस थांबा, सगळ्यांचे सगळे फेडतो म्हणाला. "मॅडम, परवा फक्त दोन रन कमी पडले. दोन रन झाले असते तर आज मी तुमच्याकडं मान वर करून आलो असतो." मग हळूहळू बाहेर आले. सुरुवात फोनवरच्या रमीपासून झाली होती, दुसऱ्या वर्षात. पहिल्याच आठवड्यात नऊशे रुपये मिळाले. पुढे क्रिकेटवरच्या पैजा, कोणाच्या तरी ओळखीने मिळालेला एक 'आयडी', त्यात शिष्यवृत्ती गेली, वर्गाच्या सहलीची जमा झालेली वर्गणी गेली, आणि मग झटपट कर्ज देणारी तीन-चार अ‍ॅप्स. वसुलीचे फोन रात्री अकरानंतर येत. आम्ही ज्याला गप्प, अभ्यासू मुलगा समजत होतो तो वर्गात बसून प्रत्येक षटकाचा हिशेब करत होता.

यावर आम्ही काय केले, ते लिहिण्यासारखे नाही म्हणूनच लिहिले पाहिजे. आम्ही व्याख्यान दिले. युधिष्ठिर झाला, नल झाला, सर्वस्व गमावणाऱ्यांची नेहमीची यादी झाली. मनूने राजाच्या कामज व्यसनांत मद्य, स्त्री आणि मृगया यांच्या पंक्तीला द्यूत बसवले आहे, हेही झाले. आपल्यासमोर एक मुलगा बसला आहे हे विसरून आम्ही जणू परीक्षकासमोर उत्तर लिहीत होतो. शेवटी शपथ घ्यायला लावली. त्याने घेतली. सहा दिवसांनी त्याने वर्गमित्राचा लॅपटॉप गहाण टाकला.

आमच्यापैकी एकाचा आवाज त्या दिवशी जरा जास्तच चढला होता. त्याचे कारण जुने आहे. त्याचे वडील गिरणी कामगार होते. १९८२ च्या संपानंतर ते गावी परतले ते मटका बरोबर घेऊन. मटक्याचा इतिहास आता पुष्कळांनी लिहिला आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेने येणाऱ्या भावांवर मुंबईत पैजा लागत. ते भाव येणे बंद झाल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगत आणि पाठोपाठ रतन खत्री यांनी आकडे काढण्याची स्वतंत्र व्यवस्था उभी केली, आणि पाहता पाहता ती गिरणगावाच्या रोजच्या जगण्याचा भाग झाली. पण घरात मटका म्हणजे इतिहास नसतो. घरात मटका म्हणजे एसटी स्टँडमागच्या टपरीवर मिळणारी काडेपेटीएवढी चिठ्ठी, ओपन आणि क्लोज यांच्या मधले तास, आणि स्वप्नात साप दिसला तर कोणता आकडा लावायचा यावर पहाटे चाललेला विचार. आई पैसे तूरडाळीच्या डब्यात लपवी. डाळ सांडलेली दिसली की दिवस कसा जाणार ते मुलांना कळे. पुढे घरच्यांनी त्यांना पंढरीची माळ घालायला लावली. ती सात महिने टिकली. तुटली त्या दिवशी भावकीतल्या कोणी त्यांच्याशी बोलले नाही, आणि पुढेही फारसे कोणी बोलले नाही. २००९ मध्ये ते गेले. त्यांना काय होत होते, असे त्यांना कोणी विचारल्याचे त्यांच्या मुलाला आठवत नाही. त्यानेही विचारले नव्हते. महाविद्यालयात नोकरी लागल्यावर तो जुगाराविषयी उत्तम शिकवू लागला, एवढेच.

दारूसाठी आपल्याकडे निदान वाट मळलेली आहे. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तला सुधाकर मराठी माणसाच्या घरातला झाला. १९८६ मध्ये पुण्यात सुनंदा आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंच्या साहाय्याने 'मुक्तांगण' उभे केले, आणि अवचटांच्या लेखनामुळे व्यसनी माणूस हा रुग्ण असतो ही गोष्ट निदान वाचणाऱ्या वर्गाच्या कानावर गेली. जुगाऱ्याच्या वाट्याला अजून 'नाद' हाच शब्द आहे. नादाला लागला, नादी लागला, नाद सोड. सोडता येईल अशी ती एक ढिलाई आहे, असे भाषेनेच आधी ठरवून टाकले आहे. वास्तविक 'व्यसन' या संस्कृत शब्दाचा एक अर्थ संकट, आपत्ती असाही आहे. तो अर्थ आम्ही भाषाशास्त्राच्या तासाला अर्थसंकोचाचे उदाहरण म्हणून सांगतो आणि पुढे जातो.

तर, मदत शोधायची होती. महाविद्यालयात समुपदेशन कक्ष आहे. त्याच्या दारावर पाटी आहे आणि आत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत. वरिष्ठांकडे न्यावे तर पहिला प्रश्न शिस्तीचा आला असता आणि सहलीच्या वर्गणीवरून चौकशी लागली असती. गावातल्या एका परिचित डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या आणि 'लग्न लावून द्या' असेही सुचवले; मुलगा वीस वर्षांचा होता. एका विद्यार्थिनीने आम्हांला १४४१६ हा क्रमांक दिला. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली होती. फोन विनामूल्य, दिवसरात्र, मराठीतही. मराठीच्या आम्हा दोन प्राध्यापकांना तो क्रमांक ठाऊक नव्हता.

फोन त्याने आमच्या घराच्या गच्चीवरून केला. आम्ही खाली बसलो होतो. पाऊण तास झाला. खाली आला तेव्हा त्याचे डोळे सुजले होते, पण तो भुकेला होता, आणि त्याने जेवायला मागितले. पलीकडच्या बाईंनी काय सांगितले, असे आम्ही विचारले. "काही सांगितलं नाही. विचारत होत्या." काय विचारत होत्या? "जिवाचं काही करून घ्यावं असं मनात येतं का, ते आधी विचारलं." आम्ही त्याच्याशी पंधरा दिवस बोलत होतो. हा प्रश्न आम्ही विचारला नव्हता. त्याचे उत्तर 'हो' असे होते.

दुसऱ्या दिवशी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात गेलो. लाकडी बाकावर दोन तास बसावे लागले. आमच्या शेजारी एक आजोबा वारंवार किती वाजले विचारत होते. डॉक्टरांनी त्याला दोन साधे प्रश्न विचारले: किती खेळतोस याबद्दल जवळच्या माणसांशी खोटे बोलावे लागले का? आणि लावायची रक्कम वाढवत न्यावी असे वाटत गेले का? दोन्हींना होकार आल्यावर पुढची तासाभराची तपासणी झाली. मग त्यांनी आम्हांलाही आत बोलावून समजावले. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ च्या वर्गीकरणात जुगाराचा विकार दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांबरोबर एकाच प्रकरणात घेतला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या यादीतही तो व्यसनजन्य विकारांतच आहे. गेलेले भरून काढण्यासाठी पुन्हा खेळणे हा लोभाचा पुरावा नसून या विकाराचे एक ठळक लक्षण आहे. थोडक्यात हुकलेला डाव हरल्यासारखा वाटतच नाही. तो जवळजवळ जिंकल्यासारखा वाटतो आणि माणसाला पुन्हा बसवतो. 'फक्त दोन रन' या वाक्याचा अर्थ आम्हांला तेव्हा लागला.

त्यांनी औषध दिले ते त्याच्या उदासीनतेवर आणि झोपेवर. जुगार बंद करणारी गोळी नसते, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले. बाकी कामे अगदी साधी होती. फोनमधली अ‍ॅप्स काढायची, क्रमांक बदलायचा, बँकेचे खाते आणि यूपीआय काही काळ विश्वासातल्या माणसाच्या हाती द्यायचे, क्रिकेटचा मोसम असेल तेव्हा संध्याकाळी सात ते अकरा एकटे राहायचे नाही. म्हणजे मूर्ती होऊन उभे राहण्यापेक्षा जेथे फाशांचा आवाज येतो ते देऊळच सोडायचे. डिसेंबरात त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हे होते, आणि आम्ही त्याला ध्वनियोजना सांगत बसलो होतो.

समुपदेशक बाईंनी त्याला एक काम दिले: बँकेचे विवरण काढून पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक रक्कम वहीत हाताने उतरवायची, गेलेली एका बाजूला, आलेली दुसऱ्या बाजूला. पाच दिवस लागले. गेलेले एक लाख सत्याऐंशी हजार, आलेले एकेचाळीस हजार. तोवर तो मनापासून समजत होता की आपण साधारण तीस-चाळीस हजारांनी मागे आहोत. जिंकलेले डाव त्याला तारखेनिशी पाठ होते.

तेव्हा आम्हांला नलोपाख्यान पुन्हा वाचावेसे वाटले. नलाच्या द्यूताची गोष्ट सगळे सांगतात. तो त्यातून सुटतो कसा, हे फारसे कोणी सांगत नाही. बाहुक होऊन ऋतुपर्णाचा रथ हाकत तो विदर्भाकडे निघाला आहे (आमच्या अमरावतीकडच्या मित्रांना येथे कौंडिण्यपूर आठवल्याशिवाय राहणार नाही). वाटेत एक बेहड्याचे झाड लागते. ऋतुपर्ण त्याची पाने आणि फळे नुसत्या नजरेने मोजून दाखवतो. नलाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवतो, झाड तोडतो आणि एकेक मोजून पाहतो. संख्या बरोबर निघते. मग अश्वविद्येच्या बदल्यात तो ऋतुपर्णाकडून अक्षविद्या घेतो, आणि ती मिळताच कली त्याच्या देहातून बाहेर पडतो. बेहड्याच्या फळांचेच फासे करीत, हे येथे लक्षात घ्यायला हवे. नलाला झपाटणारी वस्तू आणि मोजायला लावलेली वस्तू एकच आहे. हा प्रसंग आम्ही आजवर कथानक पुढे नेणारी युक्ती म्हणून शिकवला होता.

याचा अर्थ आमचे जुने ग्रंथ सगळीकडे उपयोगी पडले असा नाही. पैशांच्या बाबतीत ते आडवेच आले. आम्ही दोघांनी ठरवले होते की भविष्य निर्वाह निधीतून उचल घेऊन त्याचे देणे एकरकमी मिटवावे; संवाहकाचे देणे वसंतसेना स्वतःचे कंकण पाठवून फेडते, तो सुटतो, भिक्षू होतो आणि पुढे तिचाच जीव वाचवतो. डॉक्टरांनी नको म्हटले. कर्ज एका फटक्यात नाहीसे झाले की डोक्यावरचा भार जातो आणि त्याबरोबर भानही जाते. बहुतेक वेळा तोच पुढच्या खेळाचा पहिला दिवस ठरतो. फेडायचे त्यानेच, हप्त्याहप्त्याने. सावकारीचा जाच होत असेल तर पोलिसांच्या सायबर शाखेकडे जावे. आम्हांला हे निष्ठुर वाटले. एकाने तर परत येताना एसटीत वसंतसेनेची बाजू मांडली. पण नंतर अंक पुन्हा उघडला तेव्हा दिसले की कंकण पाठवण्याआधी वसंतसेना त्याला आत घेते, अभय देते, तू कोण, कोठला, कोणाला भितोस ते विचारते आणि सगळे ऐकून घेते. आम्ही अठरा हजार दिले तेव्हा यातले काहीच केले नव्हते.

सर्वांत अवघड काम घरी सांगण्याचे होते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या अक्षसूक्तात जुगारी स्वतःच्या तोंडाने सांगतो की आई, बाप आणि भाऊ म्हणतात, आम्ही याला ओळखत नाही, बांधून घेऊन जा. मुलाला हे सूक्त माहीत नव्हते. पण त्याला भीती होती ती हुबेहूब हीच. आम्ही त्याच्याबरोबर गावी गेलो. वडील गोठ्यात होते. मुलाने खाली बघून सगळे सांगितले, वही पुढे केली. ते वाचू शकत नव्हते, डोळ्यांचा त्रास खराच होता. ऑपरेशन मात्र झालेले नव्हते. त्यांनी विचारले, "किती?" मुलाने आकडा सांगितला. बराच वेळ म्हशीच्या रवंथाचाच आवाज येत होता. मग ते म्हणाले, "बँकेचं पुस्तक आन् ते कार्ड माझ्याकडं दे. जेवल्याबिगर जाऊ नका, मास्तर." आमच्यातला जो गिरणी कामगाराचा मुलगा, तो हात धुवायचे निमित्त करून मागच्या दाराने बाहेर गेला.

त्याचे एक वर्ष वाया गेले. २०२४ च्या आयपीएलमध्ये तो पुन्हा खेळला, मित्राच्या फोनवरून, दोन हजार तीनशे रुपये. आम्ही हादरलो. समुपदेशक बाई हादरल्या नाहीत. किती दिवसांनी सांगितलेस, एवढेच त्यांनी विचारले. दुसऱ्याच सकाळी, असे तो म्हणाला. त्यांनी ते आपल्या कागदावर लिहून घेतले आणि पुढची तारीख दिली.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. तोवर रमी हा कौशल्याचा खेळ म्हणून मिरवत होता. सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकात पत्त्यांच्या रमीविषयी तसे म्हटले होते, आणि त्या आधारावर चित्रपटातले चेहरे मुलांना खेळायला बोलावत होते. कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. बड्या कंपन्यांनी ते खेळ लगोलग थांबवले. परदेशातून चालणारे आणि ओळखीवर मिळणारे 'आयडी' मात्र कायद्याची वाट बघत थांबलेले नव्हते; ते आधीही बेकायदाच होते. आमच्या वर्गात आज अशी किती मुले आहेत, हे आम्ही विचारू लागलो आहोत. संवाहकाचा प्रसंग आता शिकवतो तेव्हा वर्ग हसतो तसाच हसू देतो, फक्त कोण हसत नाही ते पाहतो. १४४१६ फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेला असतो. समुपदेशन कक्षातले गठ्ठे हलवून घ्यायला सात महिने आणि चार अर्ज लागले.

तो आता एम.ए. करतो आहे आणि सकाळी एका दूध संकलन केंद्रावर काम करतो. ग्रंथालयाच्या शिपायाचे पैसे त्याने सर्वांत आधी फेडले. आमचे दरमहा पाचशे येतात, पहिल्या आठवड्यात, रोख, वहीत सही घेऊन. या महिन्याचा हप्ता अजून आलेला नाही. आज नऊ तारीख आहे. संध्याकाळी आम्ही फोन करणार आहोत.